सुमतीताईंची दोन मिनिटं

पाऊण तास बोलून मंत्री समारोपाला आले. "नगरपालिकेत मतांच्या प्रमाणात जागा? कागदावर छान दिसतं हो, पण असलं त्रैराशिक आपल्याकडे जमायचं नाही!"

बाकं दणाणली. मग सुमतीताई डांगळे उठल्या. विधेयक त्यांचंच, आणि विधानसभेत आपल्या पक्षाच्या त्या एकुलत्या एक आमदार. त्यांच्या गावात पक्षाला चौथा हिस्सा मतं पडायची, पण नगरपालिकेत खुर्ची एकही नाही. हे पटवायला त्यांनी अकरा पानं लिहून आणली होती. पहिलं पान उलटतायत तोच अध्यक्षांची घंटा वाजली.

"ताई, दोन मिनिटं झाली."

"मंत्र्यांना पाऊण तास, मला दोनच मिनिटं, अध्यक्ष महाराज?"

"ज्या पक्षाचे जितके आमदार, तितका त्याला वेळ. नियमच आहे."

ताई थबकल्या. मग गालातल्या गालात हसत त्यांनी कागदांची घडी घातली. "म्हणजे हे त्रैराशिक इथे रोज जमतं तर!"

सभागृह खो खो हसलं. मंत्र्यांनाही हसू आवरेना. अध्यक्षांनी घंटा बाजूला सारली. "वाचा ताई, उरलेलंही वाचा."

"नको महाराज. माझ्या वाट्याचं मला मिळालं. गावालाही तेवढंच हवंय."