तांदळाच्या डब्यातला फोन

आईने नुकतंच भरलेलं काडतूस परत खोललं, तशी मी वैतागले. "अगं, बोट निघायची वेळ झाली."

अलास्कातल्या नद्यांवर मासे मोजायचं माझं काम. तिथे अस्वलं असतात, म्हणून कमरेला मोठं रिव्हॉल्वर लागतं. त्याची काडतुसं आई लोणच्यासारखी घरीच भरते. विकतच्यांवर तिचा विश्वास नाही. आज त्यांत बंदुकीची दारू ओतताना नाशिकहून मावशीचा फोन आला आणि तिने तो घेतला. आता एखाद्यात दारू दोनदा पडली की काय, ते तिला आठवेना.

"पडली तर एकातच पडली असेल," मी म्हणाले.

"ते एकच तुझ्या हातात फुटेल," म्हणत तिने पुढचं खोललं.

एकेक करत तिने सगळी खोलली, दारू काट्यावर तोलली. सगळ्यांत बरोबर निघाली.

"बघ, उगाच खोललीस."

"उगाच कशी? तू नदीवर असशील तेव्हा मला झोप लागेल."

ती पुन्हा पहिल्यापासून भरायला बसली. मी बोटवाल्याला थांबायला सांगून आले, तर आईचा फोन वाजत होता. मावशीच होती. मी तो न घेताच तांदळाच्या डब्यात खोल खुपसला.