तोंडी इंग्रजी

१९४८ सालचा ऑगस्ट. धाराशिवजवळच्या, येडशी आणि ढोकी या दोन रेल्वे स्टेशनांच्या मधल्या एका गावात वीरप्पा मास्तर इंग्रजीचा तास घेत होते. शेजारच्या नकाशांच्या खोलीत कवायतीचे मास्तर हिंमतराव लपलेले. निजाम सरकारविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून पोलीस त्यांच्या मागावर होते. दोन्ही खोल्यांच्या मधे नुसता लाकडी पडदा.

तेवढ्यात पोलिसांचे अमीनसाहेब वर्गात शिरले आणि खुर्ची ओढून बसले.

"पढाओ मास्तर, हम बैठते."

साहेब उर्दूत शिकलेले, यांना इंग्रजी काय कळणार, एवढ्याच आशेवर मास्तरांनी धीर गोळा केला. आपण प्रश्न विचारायचा आणि अख्ख्या वर्गानं मोठ्यानं उत्तर द्यायचं, ही त्यांची रोजची पद्धत.

"हू इज हिअर?"

"पोलीस इज हिअर," पोरं सवयीनं ओरडली.

"व्हेअर इज द विंडो?"

"द विंडो इज बिहाइंड."

"व्हेअर इज द स्टेशन?"

"द स्टेशन इज इन येडशी."

पडद्यामागं खिडकीची कडी हळूच वाजली. मास्तरांच्या मुठीतला खडू कट्कन मोडला. अमीनसाहेब खुर्चीवरून उठले. मास्तरांकडं न बघता ते थेट पडद्यापाशी जाऊन उभे राहिले. आता संपलं सगळं, असं वाटून मास्तरांनी डोळे मिटले.

साहेब सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले,



"पोलीस इज इन येडशी ऑल्सो. गो टू ढोकी."