व्हिसा येईपर्यंत

टायची गाठ पुन्हा सुटली, तेव्हा ऑरिनने हात टेकले आणि सेमिसीपुढे मान केली.

"बोटं अशी थरथरली तर फिनलंडवाले म्हणतील, हा देवाचं सांगायला आलाय की थंडीने मरायला?" गाठ मारता मारता सेमिसी म्हणाला.

"घाबरलोय रे थोडा."

"घाबरा की. कोण नाही घाबरत?"

"आणि मला अहो-जाहो कशाला करतोस? सोबती ना आपण?"

"आईने लावलेली सवय आहे. आता कुठे मोडू?"

सेमिसी पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा, दारातून वाकून आत येणारा धिप्पाड गडी. छातीवर नावाची पट्टी. मॉर्मन पोरगा धर्मप्रचाराला, म्हणजे मिशनवर निघाला की त्याला एल्डर म्हणतात, आणि एल्डरला कधी एकटं सोडत नाहीत. खाता-पिता, उठता-बसता सोबती नजरेसमोर हवाच. सेमिसी हा नियम जरा जास्तच मनावर घ्यायचा. ऑरिन न्हाणीघरात गेला की हा दाराशी उभा. गाडीच्या किल्ल्या काढून घेतलेल्या, तेही नियमातच बसत होतं. खोलीतला आरसासुद्धा कुणी तरी नेला होता. एल्डरने नटायचं नसतं, तेव्हा त्याबद्दल ऑरिनची काही तक्रार नव्हती.

व्हिसा आला की निघायचं, तोवर या बाईंकडे राहायचं, असं त्याला सांगितलं होतं. बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं होतं आणि आता विचारणं बरं दिसलं नसतं. पण त्यांच्या पंथात कुठल्याही बाईला 'सिस्टर' म्हटलं की भागतं.

न्याहारीनंतर तो फिनिश भाषेचं पुस्तक घेऊन बसला. एकेक वाक्य ओठांवर असं येत होतं, जणू तिथेच वाट बघत बसलं होतं. देव आपल्या माणसांना परक्या भाषेचं वरदान देतो हे त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. ते आपल्यालाही मिळावं याने त्याचा ऊर भरून आला. त्याने सेमिसीला एक अख्खी प्रार्थना म्हणून दाखवली. सेमिसीने मान हलवली.

मन रमत नव्हतं ते आर्डिसपायी.

निरोपाच्या दिवशी ती त्याच्या वडिलांच्या टर्की पक्ष्यांच्या खुराड्याशी उभी होती. आदल्या संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी ऑरिनच्या डोक्यावर हात ठेवून त्याला एल्डर केलं होतं. त्या क्षणापासून घरच्यांखेरीज कुठल्या बाईला मिठी मारायची नाही, फार तर हात मिळवायचा. आर्डिसने हात पुढे केला. त्याने तो धरला, आणि ज्याच्यासाठी रात्रभर जागला होता ते एक वाक्य बोलायचं राहूनच गेलं. माझ्यासाठी थांबशील का, एवढंच विचारायचं होतं.

उन्हं कलली तेव्हा तो स्वयंपाकघरात गेला. बाई त्याच्या पांढऱ्या शर्टांना इस्त्री करत होत्या.

"सिस्टर, एक विचारू? दोन वर्षं एखादी मुलगी थांबते का हो?"

"थांबते की. मी थांबले होते. तोही मिशनवरच गेला होता."

"आला परत?"

"आला. पार वाळून आला. मग लग्न केलं आम्ही."

"आणि आता?"

"आता पुन्हा गेलाय," बाईंनी शर्ट उलटा केला. "या खेपेला हळूहळू गेला. त्यामुळे नक्की कधी गेला ते मला कळलंच नाही."

ऑरिनला वाईट वाटलं. बिचारीचा नवरा दुखण्याने गेला असणार. एकट्या बाईच्या घरात आपण रोज फुकटचे जेवतोय, याची त्याला लाज वाटली. आणि वाट बघून बघून माणसाचं काय होतं ते असं समोर दिसल्यावर त्याने मनाशी ठरवून टाकलं.

"आर्डिस नावाची मुलगी आली इथे, तर तिला माझा निरोप द्याल? सांगा, थांबू नकोस म्हणावं. चांगलं कुणी भेटलं तर लग्न करून टाक. मी राग नाही धरणार."

बाईंची इस्त्री शर्टावर तशीच थांबली होती. कापड करपल्याचा वास आला, तेव्हा त्यांनी ती उचलली.

"सांगेन," त्या म्हणाल्या. "पण ती ऐकायची नाही. हट्टी आहे मेली."

"तुम्ही ओळखता तिला?"

"थोडीफार."

त्या जवळ आल्या आणि त्याची कॉलर नीट करायला त्यांनी हात उचलले. ऑरिन चटकन मागे सरला.

"माफ करा, सिस्टर. नियम आहे."

"हो. विसरलेच मी." बाईंनी हात खाली घेतले, मग एक पुढे केला. "हात तर मिळवशील?"

तेवढं चालतं. त्याने हात दिला. बाईंनी तो घट्ट धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. त्यांचे डोळे भरले होते. नवऱ्याची आठवण आली असेल, असं वाटून त्याने हात काढून घेतला नाही.

मग तो खोलीकडे निघाला. वाटेत पुस्तक टेबलावर राहिल्याचं आठवलं म्हणून मागे वळला. सेमिसी स्वयंपाकघरात होता. रोज संध्याकाळी ऑरिनला मिळायची ती हिरवी जेली वाटीत काढत तो हळू आवाजात बोलत होता.

"आर्डिस आजी, आजोबांची गोळी हिच्यातच दडवतो. हातावर दिली की थुंकून टाकतात."

ऑरिन अंधाऱ्या बोळात थबकला. या बाईंचंही नाव आर्डिसच निघालं याचं त्याला नवल वाटलं. पण या घरात कुणी आजोबाही राहतात, हे मात्र त्याला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.