बाल्कनीखालची काच

नऊ वर्षं बंद असलेलं गल्लीतलं थिएटर पुन्हा उघडणार म्हटल्यावर सगळ्यांत जास्त हरखले ते तिथले जुने डोअरकीपर काका. इंजिनियरने बाल्कनीखालच्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. "भेग वाढत असेल तर ही तडकेल. महिनाभर शाबूत राहिली तरच परवानगी, नाहीतर थिएटर कायमचं विसरा." किल्ल्या काकांकडेच होत्या.

"काका, नव्या सुनेसारखं जपा हो हिला!" कमिटीच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

महिन्याने इंजिनियरने काचेवरून बोट फिरवलं आणि कागदावर सही ठोकली. पहिल्याच खेळाला बाल्कनी गच्च भरली. बाई सासूबाईंना आणि दोन्ही मुलींना घेऊन वरच्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"काका, नातवंडांना वर पाठवा की! जागा धरलीय."

"नको, राहू द्या. ती खालीच बरी," म्हणत काकांनी दोघांना पार पुढे, पडद्याला नाक लागेल अशा खुर्च्यांवर नेऊन बसवलं.



महिनाभरात त्यांनी गुपचूप सात काचा बदलल्या होत्या.