पिवळा दिवा

महालिंगप्पा मेस्त्रीनं स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली आणि तळहाताएवढ्या पडद्याकडं बघत बसला. समोरच्या तबकड्यांतल्या काट्यांच्या मधोमध दातेरी चाकाचा पिवळा दिवा पेटलेलाच होता. ओट्यावर बसलेल्या धुरपदाबाईनं आवाज चढवला.

"म्हातारी झालीया ती गाडी. भंगारात घाला म्हणून सांग की ह्यांला एकदाचं!"

"थांबा अक्का, आधी नाडी तर बघू द्या. तिरडी मागनं बांधा."

तिचे मालक, बब्रुवान, गाडीच्या सावलीला खुर्ची टाकून बसले होते. साखरेच्या दुखण्यात डावा पाय गुडघ्याखालनं काढला, तेव्हा त्यांनी ही जुनी, क्लच नसलेली पिकअप शोधून आणली. गेर आपले आपण पडायचे, उरलेल्या पायावर भागायचं. दर रविवारी खंडोबाचं नाव सांगून अणदूरला जायचे. खंडोबा कसला! थोरली बहीण कोंडाबाई तिथं दिलेली. ह्याच कोंडाबाईनं लेकीच्या लग्नात, भर मांडवात, नवरीच्या सख्ख्या मामीला, म्हणजे हिला, आहेर केला नव्हता. चुकून राहिला म्हणे. बारा वर्षं धुरपदाबाईनं तिच्या दारचं पाणी घेतलं नव्हतं, आणि आपला माणूस मात्र तिथं पाट मांडून जेवून येतो, हे तिला मिरचीसारखं झोंबायचं.

नऊ दिवसांमागं, रविवारी, अणदूरहून आल्या आल्या ते म्हणाले, "कोंडाला लई बरं न्हाय. उद्या परत जातो." तेव्हा तिचं डोकंच फिरलं. ते जरा आडवे झाले तशी ती गाडीखाली वाकली, लोंबणारी एक वायर धरली आणि चंचीतल्या अडकित्त्यानं सुपारीसारखी कातरली. सोमवारी गाडी गेली ती रांगतच, आणि दिवस मावळता टेम्पोच्या मागं दोरानं बांधून घरी आली. त्या दिवशी धुरपदाबाई पोटभर जेवली.

"गेरबॉक्स बसला का रं?" बब्रुवानांनी विचारलं.

"न्हाय मालक. तेल लाल हाय, जळका वास न्हाय. बॉक्स ठणठणीत." महालिंगप्पानं पडदा पुन्हा वाचला. "हे म्हणतंय, चाक किती पळतंय त्याची खबर वर येईना. खबर तुटली की गाडी भेती. एकच गेर धरून बसती आन् दिवा लावती."

तो बॅटरी घेऊन गाडीखाली गेला. बराच वेळ नुसते पायच दिसत होते. निघाला तो डोक्यावर माती घेऊन.

"वायर तुटलीया."

"उंदरानं खाल्ली असंल," धुरपदाबाई घाईनं म्हणाली. "उसात मोप हायती."

"उंदीर कुरतडतो, अक्का. चोथा करतो. ही एका घावात गेलीया. कुणीतरी कापलीया."

धुरपदाबाईचा हात कमरेच्या चंचीवर गेला आणि तिथंच राहिला. बब्रुवानांनी चंचीकडं बघितलं. मग तिच्याकडं.

"उंदीरच म्हण, अप्पा. आमच्यातली उंदरं बी मानपान बघणारी हायती."

महालिंगप्पाला काही उमगलं नाही. त्यानं वायरीची दोन्ही टोकं सोलली, पिळली, वर टेप गुंडाळला. स्कॅनरवर कसलीशी बटणं दाबली, गाडी चालू करून फाटकापर्यंत नेऊन आणली. गेर एकामागं एक पडले.

"दिवा गेला, मालक! आता कुठं बी जावा." तो सीटमागचं आपलं सामान गोळा करायला लागला.

धुरपदाबाईनं मान वर केली. इतक्यात निभावेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि निभावलं म्हटल्यावर जीभ गप बसेना.

"जावा की मग! म्या काय तुमचं पाय धरलेत? उद्याच जावा. बहिणीच्या ताटात जेवा."

"उद्याच जायाचं हाय," बब्रुवान म्हणाले. "दहावा हाय तिचा."

"कुणाचा?"

"कोंडाचा. म्या सोमवारी वाटंत असतानाच गेली." ते तिच्याकडं न बघता बोलत होते. "भाच्यानं फोन केला. म्हणला, मामा, माहेरचं लुगडं अंगावर पडल्याबिगर आईला उचलत न्हाय, या. धाराशिवात थांबून लुगडं घेतलं. येतोय, येतोय, म्हणत ऱ्हायलो. चार वाजंपर्यंत थांबली ती माणसं. गाडी चढाला बसली. टेम्पो मिळंस्तवर पाच वाजलं. तवर सासरचंच, जावंचं लुगडं घालून नेली तिला."

धुरपदाबाईनं कमरेची चंची काढून पाठीमागं सारली.

तेवढ्यात महालिंगप्पा गाडीच्या पलीकडनं आला. एका हातात पान्यांची पेटी, दुसऱ्या हातात सीटमागं सापडलेली दुकानातली पिशवी. पिशवीतनं हिरवा काठ बाहेर आला होता.

"हे तुमचं दिसतंय, अक्का," त्यानं पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "कोरं हाय, तेल लागंल."