सोळा वेढ्यांचा गोफ

“बोटं किती असतात माणसाला?” तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं.

“दहा,” शिवणबाई म्हणाल्या.

“आणि तुमच्या प्रबंधातल्या या गोफाला वेढे किती?”

“सोळा.”

“मग उरलेले सहा कुठे अडकवायचे? पायांच्या बोटांत?”

विभागप्रमुख खो खो हसले. सर विनोद करत तेव्हा हसणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

बोटांत दोऱ्याचे वेढे अडकवायचे, एका हाताचा वेढा दुसऱ्या हाताच्या वेढ्यांतून ओढून घ्यायचा, हात फाकून वीण आवळायची. या कलेत सरांचा शब्द शेवटचा होता. जपानी चिलखतांच्या पट्ट्यांपासून युरोपातल्या थैल्यांच्या नाड्यांपर्यंत सगळं त्यांनी एका जाडजूड ग्रंथात कोंबलं होतं. त्यातच त्यांनी लिहिलं होतं की गावच्या संग्रहालयातला दोन बोटं रुंद तांबडा पट्टा नुसत्या हातांवर होणं अशक्य. तो चौकटीवरच विणला असणार. वीस वर्षं हे वाक्य जो तो मुकाट्याने उतरवून घेत आला होता. आणि आता मुलींच्या शाळेत काजं-बटणं शिकवणारी एक बाई पाच वर्षं खपून चारशे पानं घेऊन आली होती, आणि म्हणत होती की सर चुकले.

‘शिवणबाई’ हे नाव सरांनीच ठेवलं होतं, तेही त्यांच्या तोंडावर.

“बाई, शिवण वेगळं, संशोधन वेगळं,” प्रबंध करंगळीने दूर सारत सर म्हणाले. “इथे उसवलं तर टाका घालून भागत नाही.”

“सर, तो पट्टा एकट्याने केलेला नाही. दोघांनी शेजारी उभं राहून केलाय. युरोपातल्या जुन्या वह्यांत दोघांनी विणायच्या कृती दिलेल्या आहेत.”

“त्या वह्या मला पाठ आहेत. पण ते तिकडचं झालं. इथे कोणी असं विणत होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? स्वप्नात येऊन?”

“विणून दाखवते. फक्त शेजारी कोणीतरी लागेल.”

विभागप्रमुखांनी हात पाठीमागे नेले. शिवणबाईंनी पिशवीतून तांबडे वेढे काढले आणि त्यांची टोकं खिडकीच्या गजाला बांधली. “सर, तुम्हीच या. तुमच्याइतके तयार हात इथे कोणाचे नाहीत.”

सर उठले ते बाईंचं म्हणणं एकदाचं मोडून टाकायला. त्यांनी अस्तन्या सारल्या. आठ वेढे त्यांच्या बोटांत, आठ बाईंच्या. दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सरांची बोटं खरोखर बघत राहावी अशी चालत. तरीही पाचव्या ओळीला सगळा गुंता झाला.

“बघा!” सर जवळजवळ आनंदाने म्हणाले. “जे होत नाही ते होत नाही.”

“तुम्ही ओढताय, सर. माझा वेढा मी दिला की घ्यायचा. तोवर थांबायचं.”

‘थांबा’ असं सरांना कोणी म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. बाईंनी शांतपणे गुंता सोडवला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी सर थांबले. बाईंना पुढे सबब सांगायला जागा राहू नये, म्हणून थांबले. वेढा आला. त्यांनी आपला दिला. चारही हात एकदम फाकले आणि वीण चपखल बसली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. वीतभर झालं तेव्हा विभागप्रमुखांनी संग्रहालयातल्या पट्ट्याचा फोटो शेजारी धरला. तीच तिरकी नक्षी, तीच काठाची दुहेरी गाठ. या खेपेला कोणी हसलं नाही.

सरांनी सही केली. पेनचं टोक कागदात रुतलं.

“पदवी घ्या,” ते म्हणाले. “पण ही अक्कल तुमची नव्हे. कोणाकडून उचललीत?”

“उचलली नाही. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर आभार मानलेत.”

“आभार मी वाचत नाही.”

“तुमच्या पत्नीकडून शिकले, सर.” बाईंचा आवाज चढला नव्हता. “पाच वर्षांपूर्वी तुम्हाला भेटायला घरी आले होते. तुम्ही आतूनच ‘वेळ नाही’ म्हणालात. काकूंनी बसवून घेतलं, काय काम आहे ते विचारलं. त्या आणि त्यांची धाकटी बहीण लहानपणी असेच पट्टे विणायच्या. बहीण गेली आणि शेजारचे हात गेले. त्या भेटीपासून मी उभी राहते त्यांच्या शेजारी.”

सर घरी आले तेव्हा पत्नी बाहेरच्या खोलीत जुन्या पट्ट्यांचं गाठोडं सोडून बसली होती. एकेक पट्टा मांडीवर घेऊन ती हाताने सारखा करत होती. सर दारातच उभे राहिले. हे गाठोडं घरात कुठे असायचं, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

“मला कधी बोलली नाहीस,” ते म्हणाले.

“बोलले होते. ग्रंथ छापायला जायच्या आधी, दोनदा. तुम्ही ‘हं’ म्हणालात आणि पान उलटलंत.”

सरांना यातलं काही आठवेना. ते खोटं असेल, असंही म्हणवेना. ते तिच्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“मला शिकवशील?”

तिने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“अहो,” ती म्हणाली, “परीक्षा घेऊन आल्यावर शिकायचं सुचलं होय?”