पालथी उशी

गल्लीतलं प्रत्येक बाळ हौसाबाईंच्या पायांवर न्हालेलं. वाकडे पाय दिसले, की त्या म्हणायच्या, "महिनाभर चोळते, सरळ होतात बघ!"

आज सोनोग्राफी पाहून डॉक्टरीणबाई हौसाबाईंच्या सुनेला म्हणाल्या, "बाळाच्या मणक्यात फट आहे, पाठ उघडी आहे. ठेवायचं की नाही, चार दिवसांत ठरवा. ठेवलंत तर सिझेरियन पुण्यातच करायचं, लगेच पाठीचं ऑपरेशन. तरी बाळ चालेलच, असं नाही."

"मी चोळून…" हौसाबाई पुढे सरसावल्या.

"आजी, त्या पाठीला बोटसुद्धा लावायचं नाही."

रिक्षात सुनेनं त्यांचा हात घट्ट धरला. "आई, काय करू? सांगा ना!"

घरी येताच हौसाबाईंनी दुपट्यात उशी गुंडाळली, तिच्या पाठीवर ओल्या कुंकवाचा ठिपका लावला. न्हाणीघरात पाय पसरून बसल्या; उशी पालथी घेऊन, ठिपक्याला न शिवता उचलायचा, निजवायचा प्रयत्न करू लागल्या. तरी दर वेळी बोट लाल होत होतं.

दारात सून उभी होती. ती समोर येऊन बसली, तिनंही पाय पसरले.

"द्या आता माझ्याकडे."